जाळी बसविणारा माणूस : ली डी फॉरेस्ट

विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे या वर्षीच्या अंकासाठी मी एका अमेरिकन संशोधकाचे चरित्र लिहिणार आहे असे सांगितले, तेव्हा संपादक मंडळाला नवलच वाटले. त्यांचेही बरोबर आहे. पण या लेखामागे आमच्या घरातली एक लहानशी हकिकत आहे. ती आधी सांगतो, म्हणजे विषयाची संगती लागेल.

माझे आजोबा येथल्याच एका गिरणीत वायरमन होते. पाळी संपली की घरी येऊन ते रेडिओ दुरुस्त करीत. ते दिवस ऑर्केस्ट्राचे होते. गड्ड्याच्या यात्रेत, गणेशोत्सवात, लग्नसमारंभात ऑर्केस्ट्रा हटकून असे. अशाच एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यासाठी आजोबांनी व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधला. पुढे तो ऑर्केस्ट्रा मोडला, गिटारवाला अर्धे पैसे न देताच गाव सोडून गेला आणि ॲम्प्लिफायर आमच्या माळ्यावर जाऊन बसला. लहानपणी लपाछपी खेळताना मी त्याच्यामागे कितीदा लपलो असेन, पण तो वाजतो हे मला ठाऊक नव्हते.

गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या एका मित्राला गिटार वाजवायची होती. भाड्याच्या स्पीकरला पैसे नव्हते. मला माळ्यावरची पेटी आठवली. आम्ही दोघांनी ती खाली काढली, धूळ झटकली आणि आजोबा देवळातून परत येण्याआधीच बटण दाबले. काचेच्या नळ्यांतून नारिंगी उजेड पडला. गिटारचा पहिला सूर असा काही घुमला की आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग एका मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा कडेने लाल होऊ लागला, शेगडीवर तवा विसरावा तसा. तेवढ्यात आजोबा दारात आले. चपला न काढताच ते आत धावले आणि त्यांनी वायर ओढून काढली. बायस गेला आहे, एवढेच ते बोलले.

पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही ती पेटी उघडून बसलो. आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांचा हात आता कापतो. म्हणून मी त्यांचा हात झालो आणि ते माझे डोळे झाले. सर्वांत आधी त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली : वायर काढली तरी कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दडून बसलेले असतात. ते रिकामे केल्याशिवाय आत बोट घालायचे नाही, आणि जाणता माणूस जवळ नसेल तर पेटी उघडायचीच नाही. मग त्यांनी मला बायस म्हणजे काय ते समजावले. ते येथे थोडक्यात सांगणे भाग आहे, नाहीतर पुढच्या चरित्रातला खरा पेच वाचकांच्या ध्यानात येणार नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी तापणारा भाग असतो, तो कॅथोड. तापला की त्याच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती धातूचा पत्रा असतो, ती प्लेट. प्लेटला चारशे व्होल्टांसारखा मोठा धन दाब दिला की ऋण असलेले इलेक्ट्रॉन तिच्याकडे धाव घेतात आणि प्रवाह सुरू होतो. या दोघांच्या मध्ये बारीक तारेची एक जाळी बसविलेली असते. तिलाच ग्रिड म्हणतात. जाळीला थोडा ऋण दाब दिला की ती इलेक्ट्रॉनांना मागे लोटते. दाब वाढला की वाट अरुंद होते, कमी झाला की रुंद होते. गिटारच्या तारेतून आलेला इवलासा संदेश जाळीवर सोडला की तो या वाटेची उघडझाप करतो, आणि प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. लहान हाताने मोठे दार हलवावे, तसे हे काम आहे.

आता बायसचा प्रश्न येतो. आजोबांनी त्यासाठी हिप्परग्याच्या तलावाचे उदाहरण दिले. कालव्याचे दार पूर्ण बंद ठेवले तर ते आणखी बंद करता येत नाही, आणि पूर्ण उघडे ठेवले तर आणखी उघडता येत नाही. ते दोन्ही बाजूंना हलायला हवे असेल तर संदेश येण्याआधीच त्याला मध्यावर कुठेतरी स्थिर करून ठेवावे लागते. जाळीला आधीपासून दिलेला हा जो ठरीव ऋण दाब, तोच बायस. तो गरजेपेक्षा जास्त ऋण झाला तर प्रवाह इतका आटतो की लाटेचा मधला भाग तुटतो आणि आवाज खरखरीत, उपाशी होतो. कमी ऋण झाला तर प्रवाह बेफाम वाढतो आणि प्लेट लाल होते. आमच्या पेटीत नेमके हेच झाले होते. बायस पुरविणारा एक जुना कंडेन्सर सुकला होता, आणि उणे ३५ व्होल्टांच्या जागी जेमतेम उणे २० उरले होते.

लहान व्हॉल्व्हला ही काळजी घ्यावी लागत नाही. त्याच्या कॅथोडखाली एक रेझिस्टर टाकतात. प्रवाह वाढला की रेझिस्टरवरचा दाब वाढतो, त्यामुळे जाळी कॅथोडच्या मानाने अधिक ऋण होते आणि प्रवाह आपोआप आवरतो. दीड हजार ओहमच्या रेझिस्टरमधून एक मिलिॲम्पिअर गेला की दीड व्होल्ट बायस तयार. मोठ्या व्हॉल्व्हला मात्र बहुधा बाहेरून ऋण दाब द्यावा लागतो आणि तो स्क्रू फिरवून जुळवावा लागतो. आमचे व्हॉल्व्ह ईएल-३४ जातीचे. त्यांच्या प्लेटला २५ वॉट उष्णता सोसते. स्वस्थ असताना त्याच्या शेकडा ७० पेक्षा जास्त भार टाकू नये असा दुरुस्ती करणाऱ्यांचा रिवाज आहे. म्हणजे साडेसतरा वॉट. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर भागाकार करून ४४ मिलिॲम्पिअरच्या आसपास उत्तर येते. आजोबांनी कॅथोडखाली एक ओहमचा रेझिस्टर ठेवलेलाच होता. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच मिलिॲम्पिअर. नवा कंडेन्सर झाळून मी मीटर धरला, स्क्रू केसभर फिरवला आणि काटा जागेवर आला. संमेलनात ती पेटी तीन तास वाजली.

काम झाल्यावर आजोबांनी मला सहज विचारले की ही जाळी पहिल्यांदा कोणी बसवली. चाळीस वर्षे त्यांनी ती हाताळली होती, पण बसविणाऱ्याचे नाव त्यांना कधी कळले नव्हते. मी इतिहास शिकतो म्हणून मला ठाऊक असेल असे त्यांना वाटले. मला ठाऊक नव्हते. शोधून सांगतो असे मी कबूल केले. हा लेख म्हणजे त्या कबुलीची फेड आहे.

जाळी बसविणाऱ्याचे नाव ली डी फॉरेस्ट. त्याचा जन्म २६ ऑगस्ट १८७३ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, कौन्सिल ब्लफ्स या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. १८७९ मध्ये ते अलाबामातील टॅलडेगा कॉलेजचे प्रमुख झाले. हे कॉलेज नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी होते. यादवी युद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती. कृष्णवर्णीयांना शिकवायला आलेल्या या कुटुंबाला गावातील गोऱ्यांनी जवळजवळ वाळीतच टाकले. आपल्याकडे ज्यांनी सर्वांसाठी शाळा काढल्या त्यांच्या घरांना काय सोसावे लागले, हे आपण जाणतो. त्या घरातल्या मुलाचे काय होत असेल, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. ली एकटा वाढला. पुस्तके आणि यंत्रे हेच त्याचे सोबती होते. आपण मोठा संशोधक होणार, असे त्याने लहानपणीच मनाशी ठरवून टाकले होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा होती, पण अखेर त्यांनी मुलाचा हट्ट पुरवला.

१८९३ मध्ये तो येल विद्यापीठाच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमध्ये दाखल झाला. शिष्यवृत्तीवर आणि काटकसरीने राहून तो शिकला. १८९६ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी वडील वारले. १८९९ मध्ये त्याने विद्युत्‌लहरींच्या परावर्तनावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. मार्कोनीची बिनतारी तारायंत्रणा तेव्हा सगळ्या जगाला अचंब्यात पाडीत होती. डी फॉरेस्टला त्याच वाटेने जायचे होते.

शिकागोत नोकरी करीत असताना, १९०० साली, त्याच्या हातून एक चूक झाली, आणि मला या सबंध चरित्रात ती फार विलक्षण वाटते. खोलीत तो ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावर प्रयोग करीत होता. ठिणगी कडाडली की खोलीतल्या गॅसच्या दिव्याची ज्योत कमीजास्त होई. विद्युत्‌लहरी ज्योतीला हलवतात, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे लक्षात आले की ज्योत हलत होती ती ठिणगीच्या आवाजाने. निष्कर्ष साफ चुकला होता. पण तापलेला वायू बिनतारी लहरी ओळखू शकतो ही कल्पना त्याने सोडली नाही. त्याच चुकीच्या कल्पनेचा हात धरून तो पुढे सहा वर्षांनी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचला.

मधल्या काळात त्याने बिनतारी संदेशांचा धंदा सुरू केला. १९०१ साली शिडांच्या होड्यांच्या प्रसिद्ध शर्यतीची बातमी पाठवताना त्याचे आणि मार्कोनीचे संदेश एकमेकांत मिसळून दोघांचीही फजिती झाली. १९०२ मध्ये एका भांडवलदाराच्या साह्याने त्याने मोठी कंपनी उभारली. मनोरे उभे राहिले, जाहिराती झळकल्या, शेअर धडाक्याने विकले गेले. यंत्रांपेक्षा कागदच जास्त तयार होत होता. १९०६ मध्ये दुसऱ्याचे उपकरण परवानगीवाचून वापरल्याच्या दाव्यात कंपनी हरली आणि डी फॉरेस्ट बाहेर पडला. जाताना त्याने काही पेटंटे सोबत नेली. ती कंपनीच्या लेखी कवडीमोलाची होती. त्यांत एक व्हॉल्व्हचे होते.

इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंगने १९०४ सालीच दोन भागांचा व्हॉल्व्ह केला होता. त्यात तापणारी तार आणि प्लेट, एवढेच होते. तो लहरी ओळखी, पण त्यांना मोठे करीत नसे. डी फॉरेस्टने १९०६ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका दिवे बनविणाऱ्याकडून आपल्या नळीत तार आणि प्लेट यांच्यामध्ये तिसरा भाग बसवून घेतला. नागमोडी वळवलेली ती एक साधी तार होती. तिलाच पुढे ग्रिड हे नाव पडले. २९ जानेवारी १९०७ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८ फेब्रुवारी १९०८ रोजी ते मिळाले. या नळीला ऑडियॉन असे नाव दिले होते. पुढल्या चाळीस-पन्नास वर्षांतला रेडिओ, बोलपट, लाउडस्पीकर आणि गिटारचा ॲम्प्लिफायर, सर्वांची आई ही नळी.

पण आपण काय केले आहे हे डी फॉरेस्टला पुरते कळले नव्हते. नळीत थोडा वायू राहिलाच पाहिजे, वायूशिवाय ती चालणार नाही, अशी त्याची समजूत होती. ही जुन्या ज्योतीचीच पुण्याई म्हणायची. वास्तविक तो वायूच नळीच्या लहरीपणाचे कारण होता. एक नळी सुरेख चाले, दुसरी मुळीच नाही. जाळी संदेश नुसता ओळखीतच नाही, तर मोठाही करते, हे वापरात यायला १९१२ साल उजाडले. तेव्हा तो कॅलिफोर्नियात एका तारायंत्र कंपनीत नोकरी करीत होता. तेथे सहकाऱ्यांबरोबर त्याने एकामागे एक ऑडियॉन जोडून आवाज वाढवून दाखवला.

आणि बायस? जाळीला मुद्दाम ठरीव ऋण दाब द्यावा, म्हणजे ती विनातक्रार आणि शुद्ध काम करते, ही युक्ती फ्रिट्झ लोवेनस्टाईनने त्याच १९१२ साली पेटंटसाठी मांडली. हा एकेकाळचा निकोला टेस्लाचा साहाय्यक. त्याचे पेटंट १९१७ मध्ये मंजूर झाले. बॅटरीवरच्या जुन्या रेडिओंत तीन बॅटऱ्या असत : तार तापविणारी, प्लेटची आणि जाळीच्या ऋण दाबाची. त्यांतली ती तिसरी म्हणजे लोवेनस्टाईनच्या कल्पनेचे फळ. नळी कशी चालते याचा नीट उलगडा एडविन आर्मस्ट्राँग या तरुण अभियंत्याने १९१४ मध्ये मोजमापांसह छापून केला. नळीतला उरलासुरला वायू काढून ती भरवशाची केली ती टेलिफोन कंपनीच्या आणि जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळांनी. म्हणजे जाळी एकाने बसवली, तिचा ताण दुसऱ्याने जुळवला, तिचा अर्थ तिसऱ्याने सांगितला. आमच्या गावच्या मागवाल्याला हे लगेच पटेल. माग ज्याने आणला त्यालाच ताण्याचा ताण जुळवता येतो असे नाही.

या काळात डी फॉरेस्टचे घरही स्थिर नव्हते. त्याने एकूण चार लग्ने केली. दुसरी पत्नी नोरा स्टँटन ब्लॅच स्वतः स्थापत्य अभियंता होती. तिने १९०५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली होती, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या घराण्यातली ती मुलगी. १९०८ मध्ये लग्न झाले. दोघांनी मिळून काम केले, पण लग्नानंतर तिने काम सोडावे असे त्याला वाटे. ते लग्न टिकले नाही. भविष्य घडवू पाहणारा माणूस घरात मात्र मागच्या शतकातच राहिला, असे मला येथे वाटले.

दैवाची चेष्टा पाहा. १९१० च्या जानेवारीत त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातून कारुसोसारख्या गायकाचा आवाज हवेतून सोडला. ऐकणारे मूठभर आणि आवाज अस्पष्ट, पण करमणुकीसाठी रेडिओ वापरावा ही दृष्टी त्याची होती. त्यानंतर दोन वर्षांतच, १९१२ मध्ये, शेअर विकताना टपालाने लोकांना फसविल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. ऑडियॉन हे कुचकामी यंत्र आहे आणि त्याच्या नावावर पैसे उकळले, असा सरकारचा दावा होता. १९१३ च्या अखेरीस खटला चालला. त्याचे दोन सहकारी दोषी ठरले, तो सुटला. गंमत अशी की त्याच १९१३ साली अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने त्याच कुचकामी यंत्राचे टेलिफोनपुरते हक्क ५०,००० डॉलर्सना घेतले होते. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को ही सुमारे साडेपाच हजार किलोमीटरची टेलिफोनची तार सुरू झाली, ती याच नळीच्या सुधारलेल्या रूपावर. १९१७ मध्ये उरलेल्या हक्कांचे त्याला अडीच लाख डॉलर्स मिळाले.

संगीताशी त्याचा ऋणानुबंध ऑपेरापुरता नव्हता. १९१५ मध्ये त्याने नळ्यांतूनच सूर काढणारे एक पट्ट्यांचे वाद्य केले. तेव्हा व्हॉल्व्ह आणि वाद्य यांची गाठ आमच्या गिटारवाल्याच्या फार आधी पडली होती. १९१६ च्या नोव्हेंबरात त्याने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले आणि रात्री ह्यूज निवडून आल्याचे जाहीर करून केंद्र बंद केले. सकाळी पाहतात तो विल्सन पुढे! ठाम बोलायचे आणि मग चुकायचे, ही त्याची जुनी सवय.

नंतर त्याने चित्रपटाकडे मोर्चा वळवला. फिल्मच्या कडेलाच आवाजाची पट्टी छापायची, ही फोनोफिल्मची पद्धत. १५ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात तिचे लहान बोलपट लोकांनी पाहिले. तिच्यातला महत्त्वाचा वाटा थिओडोर केस या संशोधकाचा होता. श्रेयावरून दोघांचे बिनसले. बड्या चित्रपट कंपन्यांनी फोनोफिल्मला दाद दिली नाही, आणि थोड्याच वर्षांत दुसऱ्यांच्या यंत्रांवर बोलपटाचे युग सुरू झाले. ती लाट आपल्याकडे पोहोचली तेव्हा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. त्याआधीच, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. या प्रत्येक ठिकाणी काचेच्या नळीत एक जाळी होती आणि त्या जाळीला बायस होता.

आता या चरित्राचा दुःखद भाग. आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये नळीतून निघालेला संदेश पुन्हा जाळीकडे फिरवून तो अनेक पटींनी वाढवण्याची पद्धत शोधली. आपण ती आधी पाहिली होती, असा डी फॉरेस्टने दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. अभियंत्यांना तो मुळीच पटला नाही. आर्मस्ट्राँग आपले मानाचे पदक परत करायला रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेत गेला, तेव्हा संस्थेने ते घेण्यास नकार दिला आणि त्याच्यावरचा विश्वास पुन्हा व्यक्त केला. कायद्याने एक जिंकला, जाणकारांच्या मनात दुसरा. पुढे एफएम रेडिओच्या पेटंटांसाठी बड्या कंपन्यांशी झगडताना थकलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये आत्महत्या केली.

डी फॉरेस्ट मात्र दीर्घकाळ जगला. १९३० मध्ये मूकपटातील अभिनेत्री मेरी मॉस्क्विनीशी झालेले चौथे लग्न अखेरपर्यंत टिकले. १९५० मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्याला रेडिओचा जनक असे नाव दिले. त्याच रेडिओवर चाललेल्या जाहिरातींच्या भडिमाराने तो संतापत असे. आपले मूल बाजारात उभे केले गेले, अशी त्याची भावना होती. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि नळीचे दिवस सरू लागले, तेही त्याने पाहिले. १९६० मध्ये चित्रपटातील ध्वनीसाठी त्याला सन्मानाचे ऑस्कर मिळाले. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी तो वारला. दीडशेहून अधिक पेटंटे नावावर असलेल्या या माणसाजवळ मरताना फारशी संपत्ती उरली नव्हती.

हे सर्व जुळवून झाल्यावर मी गोंधळात पडलो. हा माणूस थोर म्हणावा की लबाड? जाळी त्याने बसवली यात शंका नाही. ती त्याला पुरती समजली नाही, यातही नाही. इतिहासाच्या वर्गात आम्ही थोरांची यादी पाठ करतो. जनक, शिल्पकार, प्रणेता असे शब्द लावतो आणि पुढे जातो. एका वस्तूला एकच बाप असला पाहिजे, अशी आपली समजूत असते. डी फॉरेस्टचीही तीच होती, आणि तिच्यापायी त्याने आयुष्याची वीस वर्षे कोर्टात घालवली. तो चुकत राहिला याचा मला राग येत नाही. चुकीच्या ज्योतीमागे जाऊनही तो खऱ्या ठिकाणी पोहोचला, हे त्याच्या चिकाटीचे यश आहे. दुसऱ्याने आपल्या नळीला काय दिले हे मोकळेपणाने सांगणे मात्र त्याला जमले नाही, आणि हाच त्याच्यातला उणेपणा मला वाटतो.

लेखाचा मसुदा मी आजोबांना वाचून दाखवला. डोळे मिटून त्यांनी तो ऐकला. ऑस्करचे त्यांना काही वाटले नाही, कोर्टाच्या भागाला त्यांनी मान हलवली. लोवेनस्टाईनचे नाव मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग बराच वेळ ते गप्प होते. त्यानंतर त्यांनी मला सांगितले की बायस जुळवणे त्यांचे ते शिकले नव्हते. गावातल्या एका चित्रपटगृहात यंत्रावर काम करणाऱ्या माणसाने त्यांना ते शिकवले होते. रात्रीचा शेवटचा खेळ संपल्यावर तो त्यांना आत घेई आणि मीटर कसा धरावा, लाल होणारी प्लेट कशी ओळखावी, हे दाखवी. त्याने कधी पैसा घेतला नाही. आजोबा नावारूपाला आले, रेडिओ घेऊन लोक त्यांच्याकडे येऊ लागले, पण गुरू कोण असे विचारले की ते आपले आपणच शिकलो असे सांगत. इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव घरातही कधी घेतले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी ते नाव घेतले. ॲम्प्लिफायर पुन्हा खाली काढायला लावला, मागची फळी उघडायला लावली आणि कापऱ्या हाताने, पेन्सिलीने, फळीच्या आतल्या बाजूला ते लिहिले. खाली तारीख घातली. मी फळीचे स्क्रू परत बसवले. पेटी आता माळ्यावर जाणार नाही, पुढच्या संमेलनाला ती पुन्हा येणार आहे.